डिपॉझिट कुणाचे?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एखादी शेड रिकामी झाली की भांडण फरशीवरून सुरू होते आणि डिपॉझिटवर येऊन अडते. माग टेम्पोत चढलेले असतात. मागे उरतात कोब्यातली बोल्टची भोके, तेल मुरून काळे पडलेले पट्टे आणि छपराच्या कैच्यांवर साचलेली सुताची पिंज. मालक ते बघतो आणि मनात कपातीचा आकडा धरतो. भाडेकरूही तेच बघतो. त्याला त्यात पाच वर्षे चाललेल्या धंद्याच्या खुणा दिसतात. दोघांपैकी कुणीच खोटे बोलत नसते. पण पैसे मालकाच्या हातात असतात, म्हणून निकालही बहुतेक वेळा मालकच देतो, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे. डिपॉझिट ही भाडेकरूची रक्कम आहे, मालकाकडे ती ठेवायला दिलेली आहे. तिच्यातून कापलेला प्रत्येक रुपया का कापला, हे दाखवण्याचे ओझे मालकाने उचलले पाहिजे. सरकारदेखील ही रक्कम मालकाची कमाई मानत नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या कराराचे मुद्रांक शुल्क काढताना परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, ते भाड्यात मिळवतात आणि त्या बेरजेवर ०.२५ टक्के शुल्क घेतात. मालकाचा फायदा धरला जातो तो व्याजाचा; मुद्दल परत करायचीच आहे, हे त्या हिशेबातच गृहीत आहे.

नुकसान कशाला म्हणायचे, याचे उत्तर १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये आहे. जागा घेतली त्या स्थितीत भाडेकरूने परत करावी, मात्र वाजवी वापराने झालेली झीज आणि माणसाच्या हाताबाहेरच्या आपत्तीने झालेला बदल त्यातून वगळावा. आता ही ‘वाजवी झीज’ घराला एक मोजमाप लावते आणि यंत्रमागाच्या शेडला दुसरे. शेड मागांसाठी म्हणून दिली, भाडेही त्याच हिशेबाने घेतले, तर दिवसरात्र चालणाऱ्या मागांच्या हादऱ्याने गिलाव्याला गेलेल्या केसासारख्या भेगा भाड्यातच फिटल्या. बोल्टच्या भोकांची गोष्ट वेगळी. आपली यंत्रे काढून नेण्याचा हक्क भाडेकरूला आहे, पण त्याच कलमाने जागा पूर्ववत करण्याची जबाबदारीही त्याच्यावरच टाकली आहे. ती भोके सिमेंटने बुजवायचे काम त्याचेच. आणि जेकार्डच्या उंचीसाठी न विचारता कैचीचा आडवा अँगल कापला असेल, तर ती झीज नव्हे. तो खर्च भाडेकरूने मुकाट्याने द्यावा. कापलेली कैची उद्या कुणाच्या तरी डोक्यावर येऊ शकते.

नुकसान ठरले तरी किमतीचा प्रश्न उरतो, आणि सर्वात जास्त अन्याय इथेच होतो. शहाबादी फरशीचे चार तुकडे फुटले तर चार फरश्या आणि गवंड्याची मजुरी एवढेच घ्यायचे, अख्ख्या खोलीची फरशी नाही. रंग पाच वर्षे टिकतो असे धरले आणि भाडेकरू चार वर्षे राहिला, तर त्याने खराब केलेल्या रंगाचाही एक पंचमांश खर्चच त्याच्याकडून घेता येईल. बाकीचा रंग तसाही संपत आला होता. जुन्याच्या बदल्यात नवे मिळवण्याची सोय डिपॉझिटमध्ये नाही. ‘मुदतीआधी सोडल्यास डिपॉझिट जप्त’ असे कलम करारात असते आणि मालक त्यावर भिस्त ठेवतात. पण १८७२च्या करार कायद्याचे कलम ७४ अशा आकड्याला कमाल मर्यादा मानते. त्या मर्यादेच्या आत भरपाई वाजवी हवी. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद खटल्यात हेच सांगितले आहे.

मालकाचे म्हणणेही पोकळ नाही. भाडेकरू रातोरात गेला, महावितरणचे बिल थकले, तर मीटर मालकाच्या नावावर असतो आणि पुढचा भाडेकरू येण्याआधी ते त्यालाच भरावे लागते. डिपॉझिट सोडून त्याच्या हातात दुसरे काही नसते. हे मान्य करूनही एवढेच म्हणेन की या भीतीला बिलाएवढीच रक्कम पुरते. चावी घेताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढावा, मागच्या महिन्यांच्या बिलांवरून अंदाज धरून तेवढे पैसे शेवटचे बिल येईपर्यंत ठेवावेत. त्यासाठी सगळे डिपॉझिट सहा सहा महिने अडवण्याचे कारण नाही. दुसरे म्हणणे असे की एवढे कागद कोण करतो. इथे व्यवहार शब्दावर चालतात. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम ५५ करार लेखी आणि नोंदणीकृत हवा म्हणते आणि ती जबाबदारी मालकावर टाकते. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. शब्दावर विसंबण्यात धोका मालकालाच जास्त आहे. एमआयडीसीतला मालक तर स्वतःच महामंडळाचा ९५ वर्षांचा भाडेपट्टेदार असतो, शेड पोटभाड्याने देताना त्यालाही महामंडळाची परवानगी घ्यावी लागते. लेखी अटींचे मोल त्याला दुसऱ्याने सांगायला नको.

इंग्लंडमध्ये २००७ पासून घरभाड्याचे डिपॉझिट मान्यताप्राप्त योजनेखाली सुरक्षित ठेवावे लागते, आणि वाद योजनेकडे गेला तर कपातीचा पुरावा मालकाकडून मागतात. आपल्याकडे २०२१च्या केंद्राच्या आदर्श भाडे कायद्याने बिगरनिवासी जागेचे डिपॉझिट सहा महिन्यांच्या भाड्यापुरते मर्यादित केले आणि देणे वजा करून उरलेली रक्कम ताबा घेतानाच परत द्यावी असे सुचवले. तसा कायदा राज्याने करावा म्हणून मालकाने थांबायची गरज नाही. टॉवेल विणणाऱ्या छोट्या कारखानदाराचे डिपॉझिट म्हणजे त्याचे सूत असते. नव्या शेडच्या मालकाला त्याच आठवड्यात दुसरे डिपॉझिट द्यायचे असते, आणि जुने अडकले तर माग बसवूनही त्यावर ताणा चढत नाही. ताणा चढला नाही तर मागावरच्या कामगाराच्या हाती त्या आठवड्याची मजुरी पडत नाही. म्हणून वाद दहा हजारांचा असेल तर दहा हजार बाजूला ठेवावेत, आणि बाकीची रक्कम चावी हातात येईल त्याच दिवशी, सही घेऊन, खात्यावर टाकावी.