पाणी किती फुटांवर?

कोल्हापूरच्या शिवाजी पुलाच्या दगडात मासा कोरलेला आहे. पंचगंगेचं पाणी त्याला टेकलं की ‘मच्छिंद्री झाली’ ही बातमी शहरभर पसरते. तोवर सुतारवाड्यातल्या कुटुंबांची बोचकी बांधून झालेली असतात. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात इथली शाळकरी पोरंही हे आकडे पाढ्यासारखे म्हणतात.

यंदाच्या अंकाचा विशेष विभाग पुरावर आहे. फराळाच्या ताटाशेजारी चिखलाच्या गोष्टी कशाला, असं एका हितचिंतकांनी विचारलं. पण नदीकाठचा माणूस पुराबद्दल निवांत बोलतो तो याच दिवसांत. जूनमध्ये त्याला पेरणी असते, ऑगस्टमध्ये पाणी, आणि दिवाळी सरली की ऊसतोड.

अशा गप्पांत 2005 हे साल हमखास निघतं. त्या वर्षीचं पाणी कुठवर आलं होतं, ही कृष्णा-पंचगंगेकाठची मोजपट्टी होती. ‘पाचला आमच्या उंबऱ्याला लागलं नव्हतं’ एवढ्या भरवशावर 2019च्या ऑगस्टमध्ये कित्येक घरं जागची हलली नाहीत. सांगलीच्या आयर्विन पुलावर धोका पातळी 45 फुटांची. त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 8 ऑगस्टला ब्रह्मनाळमध्ये बोट उलटून 17 जण गेले. गाव पाण्यानं वेढलं गेल्यावर, हाताशी होती त्या बोटीतून ही माणसं निघाली होती.

धरणांतून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, याच्या बातम्या तेव्हाही येत होत्या. पण क्युसेकवरून घरातला फ्रिज माळ्यावर चढवायचा की नाही, हे कसं ठरवायचं? माणसाला हवं असतं ते इतकंच: माझ्या गल्लीत, कधी, कुठवर. पावसाचा अंदाज, धरणातला साठा, नदीची पातळी यांची गणितं मांडणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. तिचं उत्तर दारापर्यंत पोचेस्तोवर त्याचं सरकारी पत्रक होतं.

अलमट्टी धरणावर बोलायला आपल्याला आवडतं. ते कर्नाटकात आहे ही मोठीच सोय. 2019नंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं त्या पुराचा ठपका अलमट्टीवर ठेवला नाही, तरी दर पावसाळ्यात वाद नव्यानं रंगतो. पूररेषेच्या आत उभ्या राहिलेल्या इमारतींवर तितका रंगत नाही.

इशारा वेळेवर मिळाला, पटलाही, तरी माणूस हलेलच असं नाही. गोठ्यात दुभती म्हैस असते आणि दहा दिवसांचं दुधाचं बिल तिच्यावर असतं. जनावरांसह स्थलांतर करा, असं ध्वनिक्षेपकावरून सांगणं सोपं आहे. दावणीला जागा आणि वैरण कुठं आहे, हे त्याच दमात सांगायला हवं. 2021च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं, तेव्हा चिखली-आंबेवाडीची माणसं लवकर बाहेर पडली. 2019ची आठवण ताजी होती. पुढच्या पिढीला ती नसेल.

कोकणात तर आठवण काढायलाही सवड नसते. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या वाशिष्ठीला चिपळूण गाठायला फार वेळ लागत नाही, त्यात खाडीला भरती असली तर पाणी तुंबतं. 22 जुलै 2021ला तिथल्या लोकांनी ते भोगलं. सांगलीला कोयनेचं पाणी येईपर्यंत तासांचा हिशेब मांडता येतो. चिपळूणला घाटमाथ्यावरच्या पावसावरूनच भोंगा वाजवावा लागेल, आणि तो चारदा फुकट वाजला तरी पाचव्यांदा लोकांना उठावं लागेल.

सांगलीत आयर्विनचं पाणी किती फुटांवर गेलं की कोणत्या भागात शिरतं, याचा अंदाज सूर्यवंशी प्लॉटमधल्या जुन्या रहिवाशांना तोंडपाठ असतो. भाड्यानं नव्यानं आलेल्याला नसतो. म्हणून आमचं मागणं लहान आहे. पूरपट्ट्यातल्या प्रत्येक गल्लीत विजेच्या खांबावर फुटांचे आकडे रंगवा: आयर्विनला 45, तर या खांबाशी इतकं, 50, तर इतकं. रंगाचा खर्च फार नाही. निविदा निघेलच, ती मे महिन्याच्या आत निघावी.