तैलाची ओळख कोणी पटवावी?

गेल्या हिवाळ्यात संधिवाताच्या एका वृद्ध रुग्णाने मेहरूणच्या आमच्या चिकित्सालयात सिद्ध तैलाची बाटली समोर ठेवली व विचारले, “वैद्यराज, हे तिळाचेच ना?” तैल आम्हीच दिलेले होते, लेबलावर तिळतेलाचा उल्लेखही होता. तरीही खात्रीने ‘होय’ म्हणणे आम्हांस जमले नाही.

याच सुमारास समुद्री स्पंजांविषयी वाचन घडले. स्पंजाचा बाह्याकार फसवा असतो. मुंबईच्या तळ्यांतील गोड्या पाण्याचे स्पंज १८४९ च्या सुमारास अभ्यासणारे हेन्री कार्टर हे शल्यवैद्य होते. त्यांची भिस्त सूक्ष्मदर्शकावर होती. पुढे रसायनज्ञांनी मेदाम्लांचे पृथक्करण केले. आपल्या नित्याच्या खाद्यतेलांत १६ ते १८ कार्बन अणूंची मेदाम्ले प्रमुख असतात, तर समुद्री स्पंजांत २४ ते ३० कार्बनांची दीर्घ मेदाम्ले विपुल सापडली. इतकेच नव्हे, तर शाखायुक्त मेदाम्लांवरून स्पंजाच्या शरीरात वस्ती करणाऱ्या जीवाणूंचाही माग लागला. स्वतःचे कोणते आणि संगतीचे कोणते, हे पृथक्करणाने सांगितले.

आमचा प्रश्नही नेमका हाच आहे. फेनोद्गम, कल्काची वर्ति होणे, गंध-वर्ण-रसांची उत्पत्ती ही स्नेहसिद्धीची लक्षणे पाक उत्तम झाल्याचे सांगतात. कढईत मुळात कोणते तेल ओतले, हे सांगत नाहीत. बॉडोइन चाचणीत तिळतेल लाल रंग देते खरे, परंतु थोडे तिळतेल मिसळलेले असले तरीही तो रंग येतो. ती तिळाचे अस्तित्व दाखविते, शुद्धता नव्हे.

गॅस क्रोमॅटोग्राफीने मात्र मेदाम्लांचे प्रमाण कळते. तिळतेलात ओलेइक व लिनोलेइक ही अम्ले प्रत्येकी सुमारे ४० टक्के व पामिटिक १० टक्क्यांच्या आसपास असते; पामतेलात पामिटिकच ४० टक्क्यांच्या घरात जाते. भुईमुगाच्या तेलात बेहेनिक अम्ल साधारण २ ते ४ टक्के, तिळात नाममात्र. एरंडतेल तर रिसिनोलेइक अम्लावरून तत्काळ ओळखू येते.

या परीक्षेने वनौषधींचे गुण मोजता येत नाहीत, हे आम्ही जाणतो. दूध घालून सिद्ध केलेल्या तैलांत दुधाच्या स्नेहाचा अंशही उतरणार. म्हणूनच परीक्षा कच्च्या तेलाची, मूर्च्छनापूर्वी व्हावी, असे आमचे मत आहे.

खर्चाची अडचण खरी आहे. लहान औषधनिर्मात्यांनी एकत्र येऊन नमुने पाठवावेत, प्रत्येक खेपेचा अहवाल जपून ठेवावा. आणि आपण वैद्यांनी खरेदीपूर्वी तो संकोच न बाळगता मागावा. मागणाराच नसेल, तर देणाऱ्यास दोष कसा द्यावा?

रुग्ण तैल अंगास लावतो तो वैद्याच्या शब्दावर. त्या शब्दामागे पुरावा असावा, एवढीच आमची विनंती.