बाळाला न पचणारी साखर

बाळंतिणीच्या खोलीत सगळ्यांत जास्त कोण बोलतं? जिला पाजायचं आहे ती सोडून बाकी सगळे. "चीक पिवळा आहे, पिळून टाक." "दूध उतरेपर्यंत गुळाचं पाणी चाटवा." "रडतंय म्हणजे पुरत नाही, डबा आणा." या तीन वाक्यांशी माझं भांडण आहे. आणि ज्या गोष्टीच्या जोरावर मी भांडते, ती आपल्यापैकी फार थोड्या जणींना ठाऊक आहे: आईच्या दुधात एक साखर अशी असते, जी बाळाला पचतच नाही.

हो, पचत नाही. दुधातली नेहमीची साखर म्हणजे लॅक्टोज. ती बाळाच्या लहान आतड्यात फुटते, रक्तात जाते, बाळाला बळ देते. पण याच लॅक्टोजला पुढे आणखी साखरेचे मणी ओवून आईचं शरीर लहानमोठ्या, फांद्या फुटलेल्या माळा तयार करतं. शास्त्रज्ञ त्यांना ऑलिगोसॅकराइड म्हणतात. आजवर अशा दीडशेहून जास्त माळा ओळखल्या गेल्या आहेत. एक लिटर दुधात त्या साधारण ५ ते १५ ग्रॅम असतात. चिकात तर २० ग्रॅमच्याही वर जातात. गाईच्या दुधात मात्र नावालाच. या माळा तोडणारी कात्री बाळाच्या आतड्यात नसते, म्हणून त्या बहुतेक जशाच्या तशा मोठ्या आतड्यात उतरतात.

मग बाळंतपणानं थकलेल्या शरीरानं बाळाला न पचणारी वस्तू एवढी खपून का बनवावी? कारण तिथं दुसरं कुणी जेवायला बसलेलं असतं. ते म्हणजे बायफिडो जातीचे जिवाणू. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले आंरी तिसिए यांनी १९०० च्या सुमारास ते अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीतून वेगळे काढले. त्यांच्यातला इन्फँटिस नावाचा प्रकार या माळा अख्ख्या आत ओढून घेतो, मणी न् मणी सुटा करतो आणि त्यातून आम्लं बाहेर सोडतो. आतडं आंबट राहिलं की रोगजंतूंना थारा मिळत नाही. शिवाय काही रोगजंतू आतड्याच्या भिंतीवरच्या साखरेला चिकटून रोग करतात. तशीच साखर दुधातून मोकळी आली की ते तिलाच बिलगतात आणि शीबरोबर बाहेर पडतात. म्हणजे आई एका घोटात दोघांना जेवू घालते, बाळाला आणि बाळाच्या राखणदारांना.

आता सांगा, यात गुळाचं पाणी कुठं बसतं? मध आपल्याला वर्ज्य, म्हणून आपल्या घरांत ती जागा गुळानं घेतली. (आणि मध तर वर्षाच्या आतल्या कोणत्याच बाळाला द्यायचा नसतो, त्यातून बोटुलिझमसारखा जीवघेणा आजार होऊ शकतो.) गुळाच्या पाण्याबरोबर वाटीचे, चमच्याचे, बोटाचे जंतू जातात. इवलंसं पोट भरतं, बाळ कमी ओढतं, आणि कमी ओढलं की दूधही कमी येतं. मग आपणच म्हणायचं, "बघा, हिला दूधच नाही!"

"आम्ही नाही का गुळपाण्यावर वाढलो?" हे मला नेहमी ऐकवतात. वाढलो, पण जी वाढली नाहीत ती सांगायला आली नाहीत.

चिकाचंही तेच. गाय-म्हैस व्याली की आपल्यात काही दिवस तिचं दूध घेत नाहीत. जुन्या आज्ज्या त्याचं कारण सांगायच्या, "ते वासराचं आहे." वासराचा हक्क आपल्याला इतका कळतो, मग आपल्याच बाळाच्या वाट्याचा चीक ओवाळून टाकताना तो कुठं जातो? सगळ्यांत जास्त माळा ज्या दुधात, तेच आपण अशुद्ध ठरवायचं?

आणि हे फक्त अडाण्यांचं काम, असं समजू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं फक्त ४१.८ टक्के. म्हणजे डॉक्टर, नर्स, लिहिलेवाचलेले नातेवाईक सगळे हजर असताना पहिला तास वाया जातो.

आता डबेवाल्यांकडे वळते. परदेशात काही डब्यांवर याच साखरेचं नाव मोठ्या अक्षरांत छापतात. टाक्यांत जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या एक-दोन, फार तर पाच-सहा माळा भुकटीत घालायच्या आणि "आईच्या दुधासारखं" म्हणायचं. प्रत्येक आईच्या दुधात या माळांचं मिश्रण वेगळं असतं, ते डब्यात कसं भरणार? आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बाळाच्या डब्यांच्या जाहिरातीला बंदी आहे. पण घरातल्या माणसाच्या तोंडून होणाऱ्या जाहिरातीला कोणता कायदा अडवणार?

ज्या आईला खरंच पाजता येत नाही, जी आजारी आहे, जिनं बाळ दत्तक घेतलं आहे, तिला यातला एक शब्दही लागू नाही. तिच्यासाठी डॉक्टरांचा सल्ला आहे, काही शहरांत दूधपेढ्या आहेत. पहिली दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. माझं भांडण तिच्या खाटेभोवती उभं राहून निकाल देणाऱ्यांशी आहे.

आपण पाणी गाळून पिणारी माणसं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाचाही विचार करायला आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. दशलक्षण पर्वात तत्त्वार्थसूत्राचं वाचन ऐकतो, जीव एकमेकांच्या उपयोगी पडतात हे त्यातलंच. मग आईच्या दुधात ती गोष्ट रोज घडत असताना आपण मध्ये वाटी का धरायची?

तेव्हा आज्जींनो, आक्कांनो, पुढच्या बाळंतपणाला जाल तेव्हा गूळ जरूर न्या. पण तो बाळाला चाटवू नका, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत घाला. ती खाईल, आणि बाळाला काय द्यायचं ते तिचं दूध बघून घेईल.