मुलांचे स्केट्स घेताना आधी नट बघा

शाळेला सुटी लागली की शिरपूरच्या कॉलन्यांमधल्या सिमेंट रस्त्यांवर पायाला चाकं बांधलेली पोरं दिसू लागतात. या खेळाला आता भवितव्यही आहे. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष आणि महिला संघांनी ३००० मीटर रिलेत ब्राँझ मिळवलं. पुरुषांच्या चमूत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. आईबापांनी हौसेने खर्च करावा, असाच हा खेळ आहे. माझा राग आहे तो त्यांच्या गळ्यात मारल्या जाणाऱ्या मालावर.

दुकानदार लाइटवाली चाकं फिरवून दाखवतो आणि पोरगं तिथेच हट्ट धरतं. तुम्ही मात्र स्केट उलटा करून खालची पट्टी बघा. ती प्लास्टिकची आणि रिव्हेट ठोकून बसवलेली असेल तर परत ठेवा. तडा गेला की तिला इलाज नाही. पट्टी ॲल्युमिनियमची आणि नट-बोल्टची असेल तर जो भाग झिजला तेवढाच बदलता येतो. चाक पीयूचं हवं. पीव्हीसीचं चाक स्वस्त पडतं, पण गुळगुळीत फरशीवर घसरतं आणि मूल आपटतं.

बेअरिंगवर ‘एबेक ७’, ‘एबेक ९’ असं छापून भाव वाढवतात. तो आकडा फक्त मापातल्या अचूकतेचा. टिकाऊपणाशी त्याचा संबंध नाही. चार-चार चाकांच्या जोडीत १६ बेअरिंग असतात आणि ती बहुधा ६०८ नंबरची, म्हणजे ८ मिलिमीटर भोकाची. हाच नंबर हँड ड्रिलमध्येही असतो, त्यामुळे बेअरिंगच्या दुकानात तो मिळू शकतो. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या धुळीत रबरी सीलचं बेअरिंग जास्त तगतं.

‘वाढतं अंग आहे’ म्हणून दोन बोटं मोठा बूट घेऊ नका. टाच आत हलली की घोटा मुरगळलाच समजा. मे महिन्यात स्केट्स गच्चीवर किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, तळव्याचा गोंद सुटतो. हेल्मेटच्या आत नुसता स्पंज असेल तर ते डोकं वाचवणार नाही. आत थर्माकोलसारखा कडक थर हवाच.

बिल मात्र घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने माल ऑनलाइन, कुठूनही मागवला असला तरी तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. आपल्यासाठी धुळ्याच्या ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा नंबर आहे.

क्लास चालवणाऱ्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. चांगली जोडी एका मुलाच्या पायाला लहान झाली तरी दुसऱ्याच्या कामी येते. अशा जोड्या क्लासमध्ये जमा करा, नट-बेअरिंग तपासा आणि नव्या मुलांना पहिले काही महिने त्याच द्या. ज्या घराला नवी जोडी परवडत नाही, तिथलं मूलही मग मैदानावर येईल.