निश्चयक शून्य आला… म्हणजे नेमकं काय झालं?

मिरजगावचा माझा मामेभाऊ बीएस्सी करतोय, गणित घेऊन. परवा त्याचा फोन आला, "ताई, लिनिअर अल्जेब्राचे इम्पॉर्टंट प्रश्न कुठे मिळतात का बघ ना. सहा-सात थिअरम पाठ केले की पेपर निघतोय."

मी मास कॉमवाली, मला कुठले मिळणार? पण दोस्तांनो, त्याचं गणित चुकीचं नाही. जुने पेपर बघा, तेच प्रश्न फिरून येतात. इंटर्नलचे मार्क धरले तर पाठांतरावर पास होता येतं. प्रश्न त्यानंतरचा आहे.

2024 पासून 'गेट'मध्ये डेटा सायन्स आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा स्वतंत्र पेपर सुरू झाला. त्याच्या अभ्यासक्रमात लिनिअर अल्जेब्रा आहे. आयआयटीत एमएस्सीला नेणाऱ्या 'जॅम'च्या गणितातही आहे. 'गेट' पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून देता येते, बीएस्सीवाल्यांनाही. म्हणजे आज 'काढून टाकायचा' म्हणून बघितलेला पेपर वर्ष-दोन वर्षांत पुन्हा समोर येणार. तिथे थिअरम लिहून दाखवा असं कुणी म्हणत नाही, तो वापरावा लागतो.

मग आपण पाठांतराकडे का वळतो? मला वाटतं, मधेच शब्द बदलतात म्हणून. मराठी माध्यमात दहावीला तुम्ही 'निश्चयक' शिकलात, क्रेमरची पद्धतही शिकलात. अकरावी सायन्सला त्याचाच 'डिटरमिनंट' झाला. कॉलेजात व्हेक्टर स्पेस, रँक, नलिटी आले. धागा तोच होता, पण तो जोडून कुणी दाखवला नाही.

जोडून बघू. मिरजगावच्या स्टँडवर 2 चहा आणि 1 वडापावचे 35 रुपये झाले. मित्राने 4 चहा आणि 2 वडापाव घेतले, त्याचे 70. आता एका चहाची किंमत सांगा. नाही सांगता येत! कारण दुसऱ्या बिलात नवीन काहीच नाही, पहिलंच दुप्पट झालंय. निश्चयक काढा: 2 गुणिले 2, वजा 1 गुणिले 4. उत्तर शून्य.

शून्याचा अर्थ हाच, की बिलं दोन पण माहिती एकच. म्हणून रँक 1. अज्ञात किमती दोन, त्यातून रँक वजा केला की उरतो 1, ती नलिटी. झाला की रँक-नलिटी थिअरम! आता तिसऱ्याने 1 चहा, 1 वडापाव घेऊन 25 रुपये दिले. पहिल्या बिलासोबत हे मांडा: चहा 10, वडापाव 15.

एप्रिल 2023 मध्ये यूजीसीने विद्यापीठांना सांगितलं, की अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्या. चांगलंच आहे. पण मराठीत लिहायचं तर आधी मराठीत समजावणारं पुस्तक हवं, वर्गात तसं बोलणारे सर-मॅडम हवेत आणि पेपर तपासणाराही तसाच हवा. नुसत्या परवानगीने गावाकडच्या पोरांचं काम भागणार नाही.

ते होईल तेव्हा होईल, तुमचा पेपर तर तोंडावर आलाय. तेव्हा एवढं करा. प्रत्येक व्याख्या आधी मराठीत, स्वतःच्या शब्दांत लिहा, मग इंग्रजीत. प्रत्येक व्याख्येला एक बसणारं आणि एक न बसणारं उदाहरण शोधा. जुने पेपर जरूर सोडवा, पण आकडे बदलून. थिअरममधली एक अट काढली तर काय बिघडतं, ते तपासा. अडलात तर एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग सरांची लेक्चर्स ऑनलाइन फुकट आहेत, एनपीटीईएलवरही या विषयाचे कोर्स आहेत. आणि रात्री एक थिअरम रूममेटला मराठीत समजावून सांगा. जिथे अडखळाल, तिथेच सकाळी वही उघडा.

मामेभावाला मी इम्पॉर्टंट प्रश्न पाठवले नाहीत, चहा-वडापावचं बिल पाठवलं. अर्ध्या तासाने त्याचा मेसेज आला, "ताई, तीन बिलं असली आणि उत्तरच निघत नसेल तर?"

तुम्हीच सांगा, कधी होईल असं?