गुंतागुंत

नैरोबीतल्या गर्भपातांविषयीचा एक लेख मी मराठीत आणला. संपादकांनी भाषांतराला हात लावला नाही, वर चौकट तेवढी टाकली : ‘अज्ञान आणि दारिद्र्याच्या विळख्यातली आफ्रिकन स्त्री’. मूळ लेखात ‘अज्ञान’ हा शब्द एकदाही नव्हता.

अज्ञान नेमके कोणाचे? केनियात २०१२ साली सुमारे ४ लाख ६५ हजार गर्भपात करवून घेतले गेले आणि नंतरच्या त्रासामुळे जवळपास १ लाख २० हजार बायकांना उपचार घ्यावे लागले, हा अंदाज तिथल्या आरोग्य मंत्रालयाने संशोधकांबरोबर काढलेला आहे. म्हणजे सरकारला ठाऊक आहे. किबेरा, कोरोगोचोसारख्या वस्तीतली बाई तरीही मलेरियाच्या मूठभर गोळ्यांकडे, नाहीतर विणकामाच्या सुईकडे वळते. कारण दंडसंहितेत गर्भ पाडून घेणारीला ७ आणि पाडून देणाऱ्याला १४ वर्षांपर्यंत कैद लिहिलेली आहे.

लेखात ‘गुंतागुंत’ हा शब्द मीच वापरला. तो मला अजून बोचतो. दोरा गुंततो तसे काहीतरी आपोआप घडले, असे त्यातून ऐकू येते. घडते ते असे : गर्भाचा काही भाग आत राहतो, रक्त थांबत नाही, ताप चढतो. या टप्प्यावर हाताने चालवायच्या पंपाने काही मिनिटांत पिशवी साफ होते. त्याला वीजही लागत नाही. पण बाई येत नाही, किंवा येऊन ‘आपोआप पडले’ म्हणते, कारण विचारणाऱ्या नर्सच्या मागे तिला पोलीस दिसतो. तोवर जंतुसंसर्ग रक्तात उतरतो, मग मूत्रपिंडे जातात. मी ‘उशीर’ लिहायला हवे होते, आणि तो कोणी करायला लावला तेही.

आणि पोलीस म्हणजे तिच्या मनाचे खेळ नाहीत. २००४ साली नैरोबीत रस्त्याकडेला अर्भकांचे मृतदेह सापडले, तेव्हा एक स्त्रीरोगतज्ज्ञ आणि दोन परिचारिका खुनाच्या आरोपाखाली सुमारे वर्षभर तुरुंगात होत्या. २००५ मध्ये त्या सुटल्या. पुराव्यात काही नव्हतेच.

२०१० च्या राज्यघटनेने जिवाला किंवा आरोग्याला धोका असेल तर गर्भपाताला मुभा दिली. २०१२ मध्ये डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या. २०१३ मध्ये मंत्रालयाने त्या मागे घेतल्या. बलात्कारातून गरोदर राहिलेली एक शाळकरी मुलगी अशिक्षित हातांखाली गेली, मूत्रपिंडे निकामी होऊन २०१८ मध्ये वारली. सूचना मागे घेणे बेकायदा होते, असे नैरोबीच्या उच्च न्यायालयाने म्हटले, ते २०१९ च्या जूनमध्ये. दंडसंहितेतली कलमे राहिली ती राहिलीच.

आता या ‘आफ्रिकन’पणाचे मूळ पाहा. ब्रिटिशांनी १८९७ पासून तिथे भारतीय दंडसंहिताच लावली होती. ती १९३० पर्यंत चालली. तिचे ३१२ वे कलम गर्भपाताचे. नैरोबीतली बाई जे ‘कुतोआ मिंबा’, म्हणजे गर्भ काढणे, इतक्या साध्या शब्दांत सांगते, त्याला गुन्हा म्हणणारा कायदा तिथे आपल्या पुस्तकातून गेला. आपण १९७१ मध्ये डॉक्टरांना त्यातून वाट काढून दिली, पण कलम काढले नाही. नव्या न्यायसंहितेत ते ८८ व्या क्रमांकावर बसले आहे.

संपादकांना मी दुरुस्ती पाठवली आहे : चौकटीतले ‘अज्ञान आणि दारिद्र्य’ काढून तिथे ‘कलम १५८ ते १६०’ छापावे. अजून उत्तर नाही.