बिनतारी संदेशांना कुलूप हवेच



‘महापुरात वायरलेसवरील मजकूर सर्वांना वाचता यावा, म्हणून तो सांकेतिक नको’ हे एका पत्रलेखकाचे मत अर्धेच पटते. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या भागात आला तशा महापुरात खुला संपर्क लागतोच. पण त्यासाठी हौशी रेडिओचालकांचा हॅम रेडिओ आहे आणि तिथे उघड भाषा नियमानेच बंधनकारक आहे. पोलिसांच्या संचावरून जाणारे पीडितेचे नाव किंवा बंदोबस्ताची जागा कोणीही टिपावी, यात लोकहित कसले? सांकेतिक संदेश उलगडण्याची किल्ली जुळली नाही तर संपर्क तुटेल, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी एक खुली आपत्कालीन वाहिनी आधीच ठरवून ठेवावी. मात्र हे सांकेतिक कुलूप नावापुरते नको. ‘टेट्रा’ या डिजिटल वायरलेस प्रणालीच्या संचांतील टीईए-१ या सांकेतिकीकरण पद्धतीची ८० बिटांची किल्ली प्रत्यक्षात ३२ बिटांइतकीच भक्कम असल्याचे डच संशोधकांनी २०२३ मध्ये उघड केले. तेव्हा संचांच्या खरेदीपूर्वी स्वतंत्र तपासणी अनिवार्य करावी.

– एक वाचक, गडहिंग्लज